हजेरीपटावरचं नाव

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आपण शाळेत शिकलो. मला त्यांचा १९१९ चा हुकूम अधिक मोलाचा वाटतो. अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करा आणि त्यांना सर्वांच्याच शाळेत घ्या, असा तो हुकूम होता. मुलं एका वर्गात शेजारी बसायला हवीत, यावर महाराज ठाम होते.

आज दिव्यांग मुलांच्या बाबतीत गाडी तिथेच अडते. हजेरीपटावर नाव असतं, मूल मात्र घरी असतं. उतरता रस्ता बांधला जातो, पण स्वच्छतागृहाच्या दारातून चाकाची खुर्ची आत जात नाही! मग दुपारपर्यंत खुर्चीवरच्या मुलीनं करायचं काय?

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या जागा महिलांना. वंचित घटकांतल्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं त्या घटकांत आली. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. म्हणजे दार रुंद करण्यासाठी कुणाचे उंबरे झिजवण्याआधी ते आराखड्यात लिहिता येतं. पण समिती सह्यांपुरतीच उरली, तर कोण लिहिणार?

तुमच्या गावच्या शाळेत पुढची बैठक कधी आहे, ते मुख्याध्यापकांना आजच विचारा. ज्या आईचं मूल घरी बसून आहे, तिलाही सोबत न्या.