शिलाई मशीनला इंग्रजी लागत नव्हतं

टेक्सासमधलं एल पासो हे सीमेवरचं शहर. नदी ओलांडली की मेक्सिकोचं हुआरेझ. एकेकाळी इथे जीन्स शिवण्याचे मोठमोठे कारखाने होते आणि शिवणाऱ्या बहुतेक मेक्सिकोतून आलेल्या बायका. कुणी पंधरा वर्षं मशीनवर, कुणी वीस. एवढ्या काळात त्यांना इंग्रजी येतं की नाही याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. १ जानेवारी १९९४ला नाफ्टा करार लागू झाला, स्वस्त मजुरीच्या शोधात कारखाने भराभर बाहेर गेले आणि मग एकदम सगळ्यांना या बायकांचं इंग्रजी आठवलं. सरकारी योजनेतून हजारोंना वर्गात बसवलं. आधी इंग्रजी, मग शालेय परीक्षा, नोकरीचं नंतर बघू.

भाषा शिकवणं वाईट कसं असेल? पण बेकार बाईला ‘तुला भाषा येत नाही’ असं सांगितलं की कारखाना का गेला, हा प्रश्नच गायब होतो. दोष कराराचा नाही, मालकाचा नाही, तिच्या जिभेचा.

ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेइरींनी १९६३ साली आंगिकोस गावात सुमारे ३०० जणांना साक्षर करायला घेतलं, ते त्यांच्याच जगण्यातले शब्द वापरून. पुढच्याच वर्षी लष्करी बंड झालं आणि फ्रेइरींना तुरुंग, मग परदेश. (अक्षरओळखीला कोण घाबरतं बघा!) तोच धागा एल्सा आवरबाख आणि नीना वॉलरस्टाइन यांनी १९८७च्या पुस्तकात स्थलांतरित कामगारांच्या इंग्रजी वर्गात आणला. कामावरचा एखादा प्रसंग समोर ठेवायचा आणि विचारायचं: काय दिसतंय? तुमच्याबाबतीत असं झालंय? का होतं? काय करता येईल? व्याकरण त्याच्या मागून येतं.

ऐकायला छान. पण समजा एखादी म्हणाली, “बाई, ते ‘का’ राहू द्या. पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे, तेवढी वाक्यं पाठ करून घ्या.” मग? तिला बळजबरीने प्रश्न विचारायला लावणं हाही हुकूमच की. वर्ग तिचा म्हणायचा, तर तिची घोकंपट्टीही मान्य करावी लागेल. मी तरी वाक्यं पाठ करून घेईन. फक्त मुलाखतीच्या पुस्तकांत सगळी उत्तरंच असतात. त्यांत ‘पगार किती?’ आणि ‘जादा तासांचे पैसे मिळतात का?’ ही दोन वाक्यं घालेन.

एल पासोतल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांची ‘ला मुहेर ओब्रेरा’ ही संघटना १९८१पासूनची. तिची मागणी याहून साधी होती. या शहरात घराघरांत स्पॅनिश बोलतात, मग कामाचं प्रशिक्षण दोन्ही भाषांत द्या.