सब्राचे वाटेकरी





आपल्या नात्यात वा शेजारी एखादे मूल असे असेल, ज्याला टाइप १ मधुमेह आहे आणि जे स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलेही आहे. त्याच्या आईला आपण सहज म्हणून जातो, ‘‘सब्र करा, ही अल्लाहची परीक्षा आहे.’’ बोल खरे आहेत. परंतु एवढा उपदेश करून आपले कर्तव्य संपते काय?

प्रथम त्या घराचा दिवस समजून घ्या. या मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्शुलिन बनविणाऱ्या पेशी नष्ट करते. म्हणून इन्शुलिन रोज बाहेरूनच द्यावे लागते. रक्तातील साखर ७० च्या खाली उतरली की एखादे मूल सांगते, ‘‘अम्मी, चक्कर येते.’’ स्वमग्न मुलाला बहुधा ते सांगता येत नाही. ते चिडते, ओरडते किंवा अगदी गप्प होते. हे स्वमग्नतेमुळे की साखर उतरल्यामुळे, हे रक्त तपासल्यावाचून कळत नाही. आणि ज्याला साधा स्पर्शही सोसत नाही, त्याचेच बोट टोचावे लागते. जेवणाचे इन्शुलिन दिल्यावर त्याने ताट दूर सारले, तर आईच्या तोंडचे पाणी पळते. तहज्जुदच्या वेळी ती जागीच असते. हाती तस्बीह नसते, साखर तपासण्याचे यंत्र असते. अल्लाह तिचे हे जागरण इबादतीत मोजील, अशी आशा आपण बाळगावी.

अशा मातेला कोणी विचारतो, हे कोणत्या पापाचे फळ? कोणी म्हणतो, इन्शुलिन सोडा, ताविजावर विसंबा. हे निव्वळ अज्ञान होय. मिठाई खाल्ल्याने टाइप १ मधुमेह होत नाही आणि आईच्या संगोपनातील उणिवेने स्वमग्नता येत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी औषधोपचार करण्यास सांगितले. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे १४ वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिन टोचले गेले. तत्पूर्वी हा आजार म्हणजे मुलाचा मृत्यूच होता. ही देणगीही अल्लाहचीच. दुआ अवश्य करा. परंतु इन्शुलिन थांबविणे हे तवक्कुल नव्हे, ती अमानतीत केलेली खयानत आहे.

आता प्रेषितांचे (स.) आचरण पाहा. नमाज लांबविण्याच्या इराद्याने ते उभे राहत, पण मुलाचे रडणे कानी पडताच ती आटोपती घेत. कारण आईच्या जिवाची घालमेल ते जाणत होते. बुद्धीने काहीशी अधू असलेली एक स्त्री काम घेऊन आली, तेव्हा तू म्हणशील त्या गल्लीत येतो, असे सांगून त्यांनी तिचे संपूर्ण ऐकून घेतले. अंध सहाबी अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांच्या आगमनाने कपाळावर आठी उमटली, तर अल्लाहने सूरह अबसमध्ये खुद्द आपल्या प्रेषितांना त्याची जाणीव करून दिली. पुढे मदीनेत हेच सहाबी मुअज्जिन झाले.

मग मशिदीत एखादे मूल कान झाकून ओरडले, तर आपल्या कपाळावर आठ्या का पडाव्यात?

म्हणून बंधूंनो, सब्राचा उपदेश करणाऱ्याने त्या सब्राचे वाटेकरीही व्हावे. पित्याने इन्शुलिन देण्यास शिकावे, प्रेषित (स.) स्वतः घरकामात हातभार लावीत. आजी, मावशी, चाची यांनी साखर तपासण्यास शिकावे, म्हणजे त्या मातेला एखादी रात्र झोप मिळेल. इफ्तारीचा खजूर वा ईदचा शीरखुर्मा मुलाच्या हाती देण्यापूर्वी शेजाऱ्यांनी आईला विचारावे. तो त्याला वर्ज्य नाही, पण त्याच्या हिशेबाने इन्शुलिन द्यावे लागते. मशिदीच्या विश्वस्तांनी ध्वनिक्षेपकापासून दूर, दाराजवळ त्याच्यासाठी जागा राखावी. स्वमग्नतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे. त्याचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी कचेरीचे हेलपाटे जमातीतील एखाद्या तरुणाने घालावेत.

अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही, ही कुरआनची शिकवण आपण त्या मातेला ऐकवितो. कदाचित तिच्या कुवतीचा एक हिस्सा अल्लाहने आपल्या हातांत ठेवला असेल, आणि कयामतच्या दिवशी त्याची विचारणा तिला नव्हे, आपल्याला होईल.

अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत पेलण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.