तेगेलची कोठडी

बसा. पाठ ताठ नसली तरी चालेल. श्वासाला काही शिकवू नका.

आता एक कोठडी मनासमोर आणा. बर्लिनचा तेगेल तुरुंग, १८९९चा हिवाळा. आत तिशीला टेकलेला गुस्टाफ लांडाउअर. राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्या या संपादकाने तुरुंगात खरं तर जाहीरनामे लिहायचे. तो मात्र माइस्टर एकहार्टची प्रवचनं घेऊन बसला आहे. सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या गूढवादी साधूची जुनी जर्मन तो आपल्या काळाच्या जर्मनमध्ये आणतो आहे.

आपणही थोडं आत उतरू. सावकाश.

आधी तुमचं नाव भेटेल. ते दुसऱ्या कुणी ठेवलेलं. नावाखाली भाषा; तीही उसनी, आजीच्या तोंडची. त्याखाली हाडांची ठेवण, भुकेची वेळ, अंधाराची भीती. ही किती जणांकडून आली? मोजू नका. लांडाउअरला आत एकांत हवा होता आणि तिथे माणसंच माणसं निघाली. (पूर्वजांची भाषा पुढे जर्मनीत कुणी कशी वापरली, हे ठाऊक असल्याने मी इथे जरा बिचकतो. पण त्याची वाट कुळापाशी थांबत नाही, अवघ्या माणसांपर्यंत जाते.)

श्वास येऊ द्या.

याच मुळातून तो १९१०मध्ये म्हणाला, की राज्य ही वस्तू नव्हे, माणसांमधला संबंध आहे. आपण वेगळं वागू तेव्हा तो संपेल. म्हणजे राज्य शोधायला राजवाड्यात जायला नको. आज सकाळी तुम्ही कुणाला दरडावलंत? कुणापुढे आवाज आपोआप खाली आला? तो क्षण पकडून ठेवा. घशात जाणवतो का?

आता अवघड भाग. एप्रिल १९१९मध्ये म्युनिकमध्ये क्रांतिकारी राजवट आली आणि हाच माणूस तिचा शिक्षणप्रमुख झाला, आठवडाभरापुरता. पत्नी, कवयित्री हेडविग लाखमान, आदल्या वर्षी गेली होती. त्याने पद का घेतलं? मला ही विसंगती मिटवावीशी वाटत नाही. तुम्हीही ती तशीच राहू द्या.

२ मेला श्टाडेलहाइम तुरुंगात सैनिकांनी त्याला मारून टाकलं.

घाई नको. सकाळचा तो दरडावलेला चेहरा पुन्हा समोर आणा. या वेळी त्याला आधी बोलू द्या.