तबकडीचे एकत्व

एखादी वस्तू तिच्या भागांहून निराळी असते काय, हा प्रश्न आपल्या दार्शनिकांनी घट, पट आणि रथ या दृष्टांतांच्या आधारे इतक्या वेळा आणि इतक्या बाजूंनी घोळला आहे की, त्यात आणखी एका दृष्टांताची भर घालणे हे प्रथमदर्शनी धाडसाचेच वाटावे. तथापि जुन्या टेलिफोनची ती दहा भोकांची तबकडी, जिच्यावर बोट ठेवून एकेकाळी सारे जग नंबर फिरवीत असे आणि जी आता संग्राहकांच्या व हौशी कारागिरांच्या मेजावर येऊन विसावली आहे, या प्रश्नाचा एक असा पैलू उघड करते की जो घटाने आणि पटाने झाकून ठेवला होता. घट एकदा फुटला की पुन्हा जुळत नाही, पट उसवला की त्याचे सूत होते. तबकडी मात्र संपूर्ण सुटी करता येते, संपूर्ण जुळवता येते, आणि जुळवल्यावरही ती खरोखर तबकडी झाली की नाही, याचा निवाडा करण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हे, तर तारेच्या दुसऱ्या टोकाकडे असतो.

ब्रिटिश पोस्ट खात्याच्या धर्तीची तबकडी घ्यावी. मधली कडी आणि तिच्याखालचा स्क्रू काढला की बोटे घालावयाची चकती सुटते. तिच्याखाली एनॅमलची अंकपट्टी, पाठीमागे पितळी दातेरी चाक, त्याला एका दिशेने फिरू देणारा आणि दुसऱ्या दिशेने धरून ठेवणारा खटका, गुंडाळलेली मुख्य स्प्रिंग, दोन चिमुकल्या वजनांचा गव्हर्नर आणि विद्युत्प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पातळ पट्ट्या, असा एकंदर सरंजाम निघतो. हे सर्व जिन्नस स्वच्छ फडक्यावर ओळीने मांडले आणि त्यांची यादी केली, तर यादी बिनचूक होते. पण एक बाब तिच्यात दाखल होत नाही. मुख्य स्प्रिंग तबकडी स्वस्थ असतानाही थोडी पिळलेली असावी लागते. उघडताना बेसावध राहिल्यास तो पीळ एका क्षणात निसटून जातो, आणि जुळवताना तो नव्याने भरून मगच चकती कायम करावी लागते. हा ताण धातूचा खंड नव्हे, स्क्रू नव्हे, तेलाचा थेंबही नव्हे. तरी तो विसरणाऱ्या कारागिराच्या हाती सर्व भाग जागच्या जागी असूनही आळसावून अर्ध्या वाटेत थांबणारी एक निरुपयोगी चकती उरते.

या यंत्राची दुसरी खुबी अशी की, अंक पुढे जाताना पाठविला जात नाही, परतताना पाठविला जातो. बोट तबकडी ओढून नेते तेव्हा केवळ स्प्रिंग पिळली जाते. बोट सोडल्यावर चाक मागे येऊ लागते, गव्हर्नरची वजने वेगाने बाहेर फाकून भोवतीच्या वाटीवर घासतात, आणि सेकंदाला सुमारे दहा या ठरीव गतीने प्रवाह तुटत जातो. एक फिरविला तर एकदा, पाच फिरविले तर पाचदा, शून्य फिरविले तर दहादा. तेवढा वेळ कानाशी धरलेला रिसीव्हर आतल्या आत जोडून मुका केला जातो, म्हणजे प्रवाह तुटण्याचे ते ठोके फिरविणाऱ्याच्या कानावर आदळत नाहीत. अमेरिकेतील कॅन्सस सिटीचा अंत्यविधी-व्यावसायिक ॲल्मन स्ट्रोजर याने 1891 साली स्वयंचलित जोडणीचे पेटंट मिळविले आणि 1892 मध्ये इंडियाना संस्थानातील ला पोर्ट येथे त्याच्या पद्धतीचे पहिले टेलिफोन केंद्र सुरू झाले, तेव्हा ग्राहकाला बटणे स्वतःच मोजून दाबावी लागत. काही वर्षांनी तबकडी आली आणि तिने मोजणी माणसाच्या हातून काढून घेतली. उतावळा असो वा मंद, घाबरलेला असो वा निवांत, प्रत्येकाचा अंक एकाच चालीने केंद्राच्या दप्तरी रुजू होऊ लागला.

आता जुना वाद येथे लावून पाहावा. सागल नगरीत, म्हणजे आजच्या सियालकोटात, यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्यात झालेला संवाद सुप्रसिद्ध आहे: राजा ज्या रथातून आला त्या रथाचा आस, चाके, दांडी यांपैकी रथ कोणता, असे विचारून नागसेनाने ‘रथ’ ही केवळ व्यवहारातील संज्ञा असल्याचे राजाकडूनच कबूल करून घेतले. फडक्यावरील सुट्या भागांपुढे बसलेल्या माणसाला हे म्हणणे तात्काळ पटते. परंतु नैयायिक येथे हरकत घेतो. एक भाग धरला असता संपूर्ण वस्तू धरली जाते, एक भाग ओढला असता संपूर्ण वस्तू ओढली जाते, आणि वाळूच्या राशीबाबत असे घडत नाही. म्हणून अवयवांत समवायाने राहणारा, अवयवांहून निराळा असा ‘अवयवी’ मानलाच पाहिजे, असा त्याचा दावा आहे. चकतीच्या एका भोकात बोट घालून ओढताच संपूर्ण चकती फिरते आणि पाठीमागची मुख्य स्प्रिंगदेखील पिळली जाते, हा या दाव्याला मिळालेला उत्तम दाखला होय.

मात्र अवयवी मानला की त्याची किंमतही मोजावी लागते. अवयवांचा संयोग नष्ट झाला की अवयवी नष्ट होतो, हा वैशेषिकांचा सिद्धांत. तेव्हा कारागिराने सकाळी उघडलेली तबकडी उघडतानाच नाश पावली आणि सायंकाळी जुळविलेली तबकडी नव्यानेच उत्पन्न झाली, असे म्हणणे भाग पडते. वैशेषिक या परिणामाला डरत नाहीत. भट्टीत भाजला जाणारा कच्चा घट परमाणूंपर्यंत सुटा होतो, परमाणू लाल होतात आणि त्यांचा पुन्हा घट होतो, असे ते पीलुपाकाच्या मतात निःशंकपणे सांगतात. नैयायिक मात्र, भट्टीच्या छिद्रातून पाहिले असता घट जसाच्या तसा दिसतो आणि बाहेर आल्यावर ‘हाच तो’ अशी ओळख पटते, या अनुभवाच्या बळावर ते नाकारतात. ओळखीच्या त्या पुराव्यावर बौद्धांचे उत्तर तयारच आहे: दिव्याची ज्योत क्षणोक्षणी निराळी असूनही ‘तीच ती’ वाटते आणि कापून पुन्हा वाढलेले केसही ‘तेच ते’ वाटतात. अशा रीतीने दोन्ही पक्ष आपापल्या जागी अभेद्य राहतात, आणि मेजावरची तबकडी दोघांच्याही निर्णयाची वाट पाहत पडून राहते.

माझ्या मते या कोंडीचे कारण असे की, दोन्ही पक्ष वस्तूला एकटी पाडून तिची चौकशी करतात. न्यूझीलंडमधील तबकडीवर अंक उलट क्रमाने मांडलेले असत; तेथे एक फिरविला की नऊ ठोके जात, नऊ फिरविला की एक. म्हणून इंग्लंडात संकटसमयी 999 फिरविणाऱ्याच्या तारेतून जे ठोके जात, तेच न्यूझीलंडात 111 फिरविणाऱ्याच्या तारेतून जात. स्वीडनमध्ये शून्याला पहिले स्थान असल्यामुळे शून्य म्हणजे एक ठोका. चाके तीच असोत, स्प्रिंगचा पीळ तोच असो, गव्हर्नरची गती तीच असो. एका देशाची निर्दोष तबकडी अशा दुसऱ्या देशात नेली की नंबर चुकविणारी होते. तिच्या अंगी कोणताही बिघाड शोधून सापडणार नाही, कारण तिचे तबकडीपण तिच्या अंगात पुरते साठविलेले नव्हतेच. ती ज्या केंद्रासाठी घडविली गेली, त्या केंद्राशी झालेल्या करारात ते होते.

या करारासाठी नेमकी परिभाषा आपल्याकडे न्याय किंवा वैशेषिक दर्शनात मिळत नाही; ती मीमांसकांनी दिली आहे, आणि तीही वस्तूंचा विचार करताना नव्हे, यज्ञाचा विचार करताना. पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेले शाबरभाष्य ज्यांनी चाळले असेल त्यांना जैमिनीच्या सूत्रांतील तिसऱ्या अध्यायाचा प्रारंभ आठवेल. तेथे ‘शेष’ कशाला म्हणावे याचा विचार असून, जे दुसऱ्यासाठी असते ते शेष आणि ज्याच्यासाठी असते तो शेषी, असा निर्णय दिला आहे. आचार्य बादरींच्या मते शेष तीनच: द्रव्य, गुण आणि संस्कार. तबकडीची उभारणी या त्रयीत आश्चर्यकारक रीतीने बसते. पितळ हे द्रव्य. पीळ आणि गती हे गुण. आणि यज्ञातील व्रीही कुटून कार्यक्षम करावेत त्याप्रमाणे चाके पुसणे, तेल देणे, पट्ट्या किंचित वाकवून अंतर साधणे, हा संस्कार. प्रत्येक भाग ठोक्यांसाठी, ठोके केंद्रातील निवड करणाऱ्या यंत्राला पायरीपायरीने चढविण्यासाठी, ते चढणे दोन माणसांच्या जोडणीसाठी, आणि जोडणी संभाषणासाठी. यांना एकत्र बांधणारी गोष्ट ही त्यांच्यावर बसलेले पाचवे किंवा सहावे द्रव्य नाही, आणि नुसती संज्ञाही नाही; ती परार्थता आहे. संज्ञा बदलून ठोक्यांची संख्या बदलत नाही. परार्थता बदलली की निर्दोष तबकडीही परकी होते.

येथे एक बिकट आक्षेप उभा राहतो. स्ट्रोजरची ती केंद्रे आज मोडीत निघाली आहेत, आणि नव्या उपकरणांपैकी पुष्कळांना तबकडीचे ठोके समजतच नाहीत. शेषीच नाहीसा झाला तर शेष कशाचा? जे कार्य करते तेच सत्, या धर्मकीर्तीच्या कसोटीला लावले तर कपाटातली तबकडी जवळजवळ असत् ठरावी. आणि तरीही कारागीर तिचा गव्हर्नर सेकंदाला दहाच्या मापावर आणण्यासाठी झटत असतो, आठांवर समाधान मानीत नाही. त्याला तसा हुकूम देणारे कोणीही आता हजर नाही. बादरींच्या त्रयीत या श्रमांची सोय लागत नाही, कारण त्यांची साखळी शेषीपाशी येऊन तुटते.

जैमिनी मात्र पुढे जातात. कर्मही शेषच, कारण ते फळासाठी. फळही शेष, कारण ते पुरुषासाठी. आणि पुरुषही शेष, कारण तो कर्मासाठी. हे वर्तुळ तर्काच्या दृष्टीने प्रथम खटकते, पण धर्माच्या दृष्टीने त्यात मोठे शहाणपण आहे. कारण ज्याच्यासाठी सर्व काही आहे असा पुरुषच जर कशासाठीही नसेल, तर सृष्टीतील सर्व परार्थता एका स्वार्थापाशी येऊन संपेल. कारागिराने दहाचे माप पाळले, ते केंद्र ऐकत होते म्हणून नव्हे. ज्याने ‘तबकडी दुरुस्त केली’ असे म्हणण्याचे मनात आणले, त्याच्यावर ते माप आपोआप बंधनकारक झाले. केंद्र गेले तरी नियम मागे उरला, आणि त्या नियमाला शेषी मानून माणूस स्वतः शेष झाला.

नैयायिकांचा आत्मा निरवयव आहे. त्याला या दृष्टांताचा स्पर्श होत नाही, आणि त्याच्या नित्यत्वाचा निकाल कोणत्याही यंत्रावरून लागणार नाही. परंतु मिलिंदाचा मूळ प्रश्न रथाविषयी नव्हताच, तो नागसेन कोण याविषयी होता. आणि व्यवहारात ‘हाच तो माणूस’ असे आपण ज्याच्या आधारे म्हणतो, त्या एकत्वाविषयी तबकडी काही सांगते असे मला वाटते. केस, नखे, मते, स्मृती यांची मोजदाद करून ते हाती येत नाही. ज्या बंधनासाठी माणसाने स्वतःला वाहिले, ते बंधन ऐकणारा गेल्यावरही तो त्याच मापाने पाळतो काय, एवढीच त्याची कसोटी. आणि ही कसोटी दुसऱ्याला लावण्यापूर्वी ज्याने त्याने आधी स्वतःला लावावी, हे धर्माचे जुनेच सांगणे आहे.