नजरकैदेतली बाग

मे महिन्यात पुण्यात फिरायला निघायचं तर पहाटे निघून ऊन चढायच्या आत घरी यायचं, हा जुना रिवाज. आमच्या कॉलेजच्या कंपूनं यंदा तो मोडला. सहा जण, सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे. सिंहगड गुडघ्यांपायी बाद झाला, महाबळेश्वर गर्दीपायी. शेवटी आगाखान पॅलेसवर एकमत झालं, कारण तिथे चढ नाही आणि झाडं भरपूर. सगळे पुण्यातच वाढलेले, पण शाळेच्या सहलीत रांगेनं आत नेलं आणि रांगेनं बाहेर आणलं, त्यानंतर तिथे कुणी पाऊल टाकलं नव्हतं. मेट्रोनं कल्याणीनगरला उतरलो, रिक्षा केली आणि दहाच्या सुमारास फाटकातून आत शिरलो.

पन्नास पावलं चालल्यावर नगर रस्त्यावरचे हॉर्न मागे पडले. हिरवळ, जुनी मोठाली झाडं आणि त्यांच्याआड कमानींचा तो पांढरा महाल. चहूबाजूंनी फिरणाऱ्या व्हरांड्यात कमानींच्या सावल्या पडल्या होत्या. आम्ही बोलत उभे होतो तेवढ्यात एक सावली फरशीची एक ओळ ओलांडून पुढे सरकली. असं काही बघायला घरी कुणाला वेळ असतो?

आमच्यातला एक जण झाडाखाली पाय पसरून बसला आणि म्हणाला, "असला तुरुंग मिळणार असेल तर मी उद्याच सत्याग्रहाला बसतो." सगळे हसले. त्यावर एक मैत्रीण म्हणाली, "अरे, संध्याकाळी घरी जायला मिळणार असेल ना, तर कुठलीही जागा छानच वाटते."

ती सहज बोलून गेली आणि पाण्याची बाटली शोधायला लागली. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य दिवसभर गेलं नाही.

हा महाल १८९२चा, तिसऱ्या आगाखानांनी बांधवलेला. त्यांचा जन्म १८७७चा, म्हणजे तेव्हा ते जेमतेम पंधरा वर्षांचे. दुष्काळानं गांजलेल्या लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं, असं सांगतात. म्हणजे या वास्तूत पहिल्यांदा वावरले ते डोक्यावर पाटी घेतलेले मजूर. चुना मळला, दगड वाहिले, संध्याकाळी मजुरी घेऊन गेले. त्यांना बाहेर जायची आडकाठी नव्हती. काम संपल्यावर आत यायची मात्र सोय नव्हती.

पन्नास वर्षांनी नेमकं उलट झालं. ९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली आणि त्यांना इथे आणलं. बरोबर महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू आणि मीराबेन. त्याच संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत गांधीजींच्या जागी मी बोलणार, असं कस्तुरबांनी जाहीर केलं होतं; म्हणून त्यांनाही धरलं आणि इथेच पाठवलं. आत येण्याची सगळी व्यवस्था सरकारनं केली. बाहेर जाणं तेवढं बंद होतं.

झाडं होती, हवा होती, ऐसपैस खोल्या होत्या. माझ्या मित्राला जे हवंहवंसं वाटलं, ते सगळं होतं. तरी गांधीजींनी सरकारला लिहिलं की एवढी मोठी जागा आणि एवढा पहारा म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी आहे, मला कुठल्याही साध्या तुरुंगात ठेवा. येरवड्याचा तुरुंग तिथून जवळच, आणि तोही त्यांच्या ओळखीचा. शाळेत हे वाचलं तेव्हा तो साधेपणाचा धडा वाटला होता. आता त्या व्हरांड्यात उभं राहून वाटलं, त्यात साधेपणाइतकाच रोखठोकपणाही असावा. तुरुंगाला तुरुंगच म्हणा, त्याला महालाचं नाव देऊ नका. गजाआडच्या कैद्याला निदान आपण कुठे आहोत हे स्पष्ट दिसतं. बागेतल्या कैद्याची कीव करायलाही कुणी तयार नसतं. माझा मित्र तरी कुठे तयार होता?

आपल्या भाषेत या प्रकाराला नेमका शब्द आहे, नजरकैद. साखळदंड नाहीत, कोठडी नाही, कुणाची तरी नजर तेवढी असते. फिरता येतं, पण त्याला हिंडणं म्हणत नाहीत. गांधीजी सकाळ-संध्याकाळ याच आवारात चालत. ती फेरी, जिथून निघायचं तिथेच परत यायचं. आम्ही त्या दिवशी केलं ते हिंडणं. कुठल्याही क्षणी 'चला रे, कंटाळा आला' म्हणून रिक्षाला हात करता आला असता. पायवाट तीच, सावली तीच. सहलीचा सगळा आनंद त्या न केलेल्या रिक्षात होता, हे तेव्हा आमच्या ध्यानातही आलं नाही.

असंच एक घर रत्नागिरीला आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. राहायला योग्य राजवाडा मिळाला तो १९१०मध्ये. उंचावरचा, खाली खाडी आणि समुद्र दिसतो असा. लहानपणी मामाकडे गेलो की आम्हाला तिथे हटकून नेत आणि 'काय झक्कास जागा निवडली बघ राजानं' असं सांगत. त्यानं ती निवडली नव्हती. तो समुद्र त्यानं डोळे भरून पाहिला असेल, पण ओलांडून परत जाता आलं नाही. १९१६मध्ये तो रत्नागिरीतच वारला.

जुन्या वास्तू बघताना आपले प्रश्न ठरलेले असतात. कुणी बांधली? खर्च किती आला? सागवान कुठून आणलं? भुयार आहे का? भुयाराचा प्रश्न तर आपण कुठेही विचारतो. त्यात आणखी एक घालावा, असं मला त्या दिवसापासून वाटतंय: या दारातून कुणाला मोकळेपणानं आत येता येत होतं, आणि कुणाला मोकळेपणानं बाहेर जाता येत होतं? हा प्रश्न घेऊन कुठल्याही वाड्यात शिरा. सदरेवरून माजघराकडे जाताना, चौकावर उघडणाऱ्या खिडक्या मोजताना, तोच वाडा निराळा दिसायला लागतो. नक्षीची जाळी सुंदर असतेच. तिच्यामागे कोण उभं राहायचं, हेही मग आठवतं.

म्हणजे अशा ठिकाणी सहलीला जाऊच नये का? पन्ह्याचा थर्मास घेऊन गेलेला माणूस हे कुठल्या तोंडानं म्हणणार! उलट जावंच. १९६९मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू गांधीजींच्या स्मरणार्थ देशाला दिली, आणि तेव्हापासून ते फाटक दोन्ही बाजूंनी उघडं आहे. हिरवळीवर एक लहान मुलगी चप्पल हातात घेऊन पळत होती, मागे तिची आजी धापा टाकत. पहाऱ्याच्या जागेत असं पळता यावं, याहून चांगलं स्मारक मला सुचत नाही. फक्त आपण कुठे पळतोय, हे त्या मुलीला कधीतरी कुणी सांगावं.

दुपारी खोल्या पाहिल्या. गांधीजींची बैठक, चरखा. कस्तुरबांबद्दल मी वाचलेलं, ते बाकीच्यांना सांगितलं: इथे त्या मीराबेनबरोबर कॅरम खेळत, आणि गांधीजी त्यांना भूगोल शिकवत. सत्तरी ओलांडलेली बाई, बाहेर जायची बंदी, आणि हातात नकाशा. आमच्यातलं कुणी काही बोललं नाही. सकाळी सत्याग्रहाची भाषा करणारा मित्र त्या खोलीच्या दाराशी बराच वेळ उभा होता.

मग मागच्या बाजूला समाध्यांपाशी गेलो. शाळेच्या सहलीत इथे काय पाहिलं, ते कुणालाच आठवत नव्हतं. महादेवभाई इथे आल्यावर सहाव्या दिवशी गेले, १५ ऑगस्ट १९४२ला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ला, महाशिवरात्रीच्या दिवशी. दोघांनाही अग्नी याच आवारात दिला. महादेवभाईंच्या समाधीला फुलं वाहायला गांधीजी रोज जात. त्यांची ती फेरी एवढ्यासाठी तरी कुठेतरी पोचत असे.

बंद व्हायची वेळ झाली तशी रखवालदारानं शिट्टी वाजवली. आम्ही गुडघे सावरत उठलो, थर्मास गोळा केले आणि 'पुढच्या वेळी कुठे' यावर वाद घालत फाटकाबाहेर पडलो. गांधीजी याच फाटकातून ६ मे १९४४ला बाहेर पडले, एकवीस महिन्यांनी. आत आले तेव्हा पत्नी होती, चिटणीस होता. ते दोघे अजून आतच आहेत.