व्याज आणि आस्था

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. पत्र इंग्रजींत होतें आणि सोबत एक चेक होता. १२ वर्षांपूर्वीं हा विद्यार्थी बी. ए. च्या शेवटच्या वर्गांत असतांना त्याच्या घरावर संकट आलें, तेव्हां त्याची फी आणि खानावळीचा खर्च आम्हीं भागविला होता. रक्कम मोठी नव्हती. ती परत मिळावी असें आम्हीं कधीं बोलूनहि दाखविलें नव्हतें. पत्रांत त्यानें मोठ्या अदबीनें लिहिलें होतें कीं, सोबतचा चेक म्हणजे ‘पेमेंट फॉर युवर हेल्प’ होय. सारा जन्म मुलांचे निबंध तपासण्यांत गेल्यामुळें आमचा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे गेला. येथें ‘रीपेमेंट ऑफ युवर लोन’ असें हवें होतें, असें मनाशीं म्हणालों आणि थांबलों. कारण त्या वाक्यांत व्याकरणाची चूक कांहींच नव्हती. ‘फॉर’ हें अव्यय आपल्या जागीं निर्दोष बसलें होतें. आम्हांला बोंचला तो त्याचा अर्थ. जें आम्ही साहाय्य समजत होतों, त्याची या दोन अक्षरांनीं विक्री झाली होती.

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्याकडील मुलांना सर्वांत अधिक छळतें तें या अव्ययांचें प्रकरण. नाम पाठ होतें. पण त्याच्यापुढें कोणतें अव्यय यावें याचा नियम सांपडत नाहीं, आणि शिक्षक ‘तशी वहिवाट आहे’ एवढें सांगून मोकळा होतो. आम्हींहि पुष्कळ वर्षें तसेंच केलें. परंतु पैशाच्या व्यवहारांतील शब्द एकत्र मांडून पाहिले म्हणजे या वहिवाटीमागें कांहीं विचार असल्याचें दिसूं लागतें. चेक अमुक रकमेचा असें म्हणावयाचें तर ‘फॉर’, आणि अमुक बँकेवरचा म्हणावयाचें तर ‘ऑन’. ज्याचें देणें असेल त्याच्यापूर्वीं ‘टू’. देणें किती हें सांगावयाचें तर रकमेपूर्वीं ‘ऑफ’. चहावर कर बसतो तेथें ‘ऑन’. मुदलावर व्याज चढतें तेथेंहि ‘ऑन’. ‘क्लेम’ या एकाच शब्दाचे किती संसार आहेत पाहा. वस्तूवर मालकी सांगावयाची असली तर ‘क्लेम टू’, नुकसानभरपाई मागावयाची असली तर ‘क्लेम फॉर’, जिच्याविरुद्ध मागावयाची त्या व्यक्तीपूर्वीं ‘अगेन्स्ट’, आणि ज्याच्या मिळकतीवर किंवा सौजन्यावर आपला हक्क पोंचतो तेथें ‘ऑन’. रक्कम किती तें आंकडे सांगतात. ती कोणाची, कोणाकडून आणि कशाबद्दल, हें अव्ययांवांचून कळत नाहीं. पैशाच्या बोलण्यांतील नीति जर कोठें दडलेली असेल तर ती या चिमुकल्या शब्दांत आहे.

आतां प्रश्न असा कीं, देणें राहतें कोठें? इंग्रज मनुष्य कर्जाच्या आंत असतो आणि फेड झाली कीं बाहेर येतो. जणूं कर्ज ही एक खोलीच आहे. आपल्याकडे कर्ज अंगावर असतें, डोक्यावर असतें; तें ओझें आहे. हा भेद फार ताणूं नये, कारण मराठी मनुष्यहि कर्जांत बुडतोच. परंतु इंग्लंडांत ही खोली केवळ भाषेंतली नव्हती. १८२४ सालीं चार्ल्स डिकन्स १२ वर्षांचा असतांना त्याच्या वडिलांना एका पाववाल्याच्या ४० पौंड १० शिलिंगांच्या देण्यापायीं लंडनच्या मार्शलसी तुरुंगांत जावें लागलें, आणि त्याच सुमारास तो मुलगा बुटांच्या काळ्या रंगाच्या कारखान्यांत बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवूं लागला. या शिक्षेचें नांव ‘इम्प्रिझनमेंट फॉर डेट’. चोरीबद्दल किंवा खुनाबद्दल शिक्षा होते तेथें जें ‘फॉर’ येतें, तेंच हें. पैसे नसणें आणि पैसे चोरणें यांना एकाच अव्ययानें एका रांगेंत बसविलें होतें. पुढें १८६९ च्या कायद्यानें हा तुरुंग बहुतांशीं बंद केला. ऐपत असूनहि जो देत नाहीं त्याच्यापुरताच तो मुख्यतः शिल्लक ठेविला. देऊं न शकणारा आणि देऊं न इच्छिणारा यांतील भेद ओळखण्यास एवढ्या शहाण्या राष्ट्रालाहि इतका काळ लागला.

त्याच समाजांत जुगारांत हरलेल्या पैशाला मात्र ‘डेट ऑफ ऑनर’, म्हणजे अब्रूचें देणें, असें भारदस्त नांव होतें. १८४५ च्या कायद्याप्रमाणें असा पैसा न्यायालयांतून वसूल होत नसे; तरी सभ्य गृहस्थ तें देणें आधीं फेडी आणि शिंप्याचें बिल पडून राही. शिंप्याच्या घरीं त्या दिवशीं चूल पेटली कीं नाहीं याची अब्रूला वार्ता नसे.

हें वाचून आपण निर्दोष असल्याचा अभिमान आपणांस वाटावयास नको. १८७५ सालीं पुणें आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगे केले. सुपें येथें त्यांचा आरंभ झाला. दंगेखोरांचा मुख्य रोंख सावकारांच्या जिवावर नव्हता, त्यांच्या दप्तरांतील खतांवर आणि रोख्यांवर होता. ते कागद हिसकावून जाळण्यांत आले. देणें कागदांत राहतें, अशीच जणूं शेतकऱ्यांची समजूत झाली होती. आणि ती त्यांना शिकविली होती ती सावकारांनींच. १८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशांना कागदाच्या मागें जाऊन मूळ व्यवहार काय झाला तें तपासावयास लाविलें. याचा अर्थ इतकाच कीं, देणें कागदांत नसतें, पैशांतहि नसतें. तें दोन माणसांच्या मध्यें असतें. तीं दोन माणसें दिसेनाशीं झालीं कीं व्याज आपोआप वाढतें असें वाटूं लागतें, आणि आपोआप वाढणाऱ्या गोष्टीचें पाप कोणालाच लागत नाहीं!

दुसऱ्यांच्या व्यवहाराविषयीं एवढें सांगून झाल्यावर आम्हांला स्वतःच्या मेजावरील त्या चेककडे वळणें भाग आहे. ‘इंटरेस्ट’ हा शब्द लॅटिन भाषेंतील ‘मध्यें असणें’ या अर्थाच्या क्रियापदापासून निघाला आहे. त्याच्यापुढें ‘ऑन’ ठेवलें तर व्याज होतें. ‘इन’ ठेवलें तर आस्था होते. त्या मुलाविषयीं आम्हांला आस्था होती म्हणूनच आम्हीं पैसे दिले, हें खरें. परंतु गेल्या १२ वर्षांत दिवाळीला त्याचें पत्र न आल्यास आम्ही घरांत काय बोलत होतों? त्याच्या लग्नाची पत्रिका उशिरा आली तेव्हां आमच्या मनांत कोणता हिशेब चालला होता? आम्हीं रुपयांत व्याज घेतलें नाहीं. तें कृतज्ञतेंत घेत राहिलों, आणि एखादा हप्ता चुकला कीं मनांतल्या वहींत त्याची नोंद करीत राहिलों. ‘इन’च्या जागीं ‘ऑन’ केव्हां येऊन बसलें हें आम्हांला, इंग्रजीच्या प्राध्यापकाला, कळलें नाहीं.

कोणी म्हणेल, उपकार पैशानें फिटत नाहींत. तेव्हां विद्यार्थ्यानें चेक पाठविणें हाच कृतघ्नपणा. उपकार पैशानें फिटत नाहींत हें आम्हांस मान्य आहे; पण म्हणून ते उपकारकर्त्याच्या येण्यांत जमा होतात असें ठरत नाहीं. आपल्या परंपरेनें तीन ऋणें सांगितलीं, त्यांतील ऋषिऋण ऋषीच्या हातांत परत करावयाचें नसतें. विद्या शिकून आणि ती पुढें चालवून तें फिटतें. पितृऋणहि पित्याला मोजून द्यावयाचें नसतें. हीं ऋणें ज्याच्याकडून आलीं त्याच्याकडे वळत नाहींत, पुढें जातात. सावकाराचें कर्ज मागें जातें. आम्हीं जें दिलें तें यांपैकीं कोणतें, हें त्या मुलाला आमच्या वागण्यावरून कळलें नसेल तर त्यानें तें दुसऱ्या प्रकारचें समजून फेडून टाकिलें, यांत त्याचा दोष कोणता? बंद खोलींत ठेविलेल्या मनुष्यानें दार उघडून बाहेर पडावें, हें अगदीं स्वाभाविक आहे.

राहिली एकच शंका. ‘आमचें त्याचें कांहीं देणें-घेणें नाहीं’ असें मराठींत आपण म्हणतों, तेव्हां संबंधच तुटला असा त्याचा अर्थ असतो. मग फेड झाली म्हणजे संबंधहि संपला काय? आम्हांला वाटतें, जो संबंध केवळ देण्याच्या दोरीनें बांधलेला होता तो संपतो, आणि तो संपावा हेंच बरें. त्यानंतर जो मनुष्य दारांत येईल, तो येण्याचें कांहीं कारण नसतांना आलेला असेल. त्याच्या येण्याची किंमत कोणत्याहि हप्त्याहून मोठी.

चेक आम्हीं बँकेंत भरला. परत पाठवितों तर त्याला पुन्हा आंत कोंडल्यासारखें झालें असतें. उत्तर मराठींत लिहिलें, आणि त्याच्या ‘फॉर’विषयीं अवाक्षर काढलें नाहीं. लिहिलें तें एवढेंच: “रक्कम पोंचली, पुरी पोंचली. आतां तुझ्याकडे आमचें कांहीं येणें नाहीं. सवड होईल तेव्हां मुलांना घेऊन ये.” पत्र पाकिटांत घालतांना लक्षांत आलें कीं, व्याज या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ निमित्त किंवा कपट असा आहे, आणि ज्या प्रेमांत तें नसतें त्याला आपण निर्व्याज म्हणतों. हा शब्द वर्गांत आम्हीं कितीदां तरी समजावून दिला असेल.