किती फलाट लागतील?

वही मिटा. कोडिंगचा इंटरव्ह्यू उद्या आहे, व्हाइटफील्डला किंवा आउटर रिंग रोडला. तो उद्यावरच राहू द्या. मनाने बेंगळुरूच्या सिटी स्टेशनात या. आता नाव क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा, पण रिक्षावाल्याला आपण ‘मॅजेस्टिक’च सांगतो. मुंबईची उद्यान एक्स्प्रेस इथेच येते. एकूण १० फलाट.

आपल्याला तीनच गाड्या पुरेत, वेळाही मनाच्याच. पहिली ९ ते ९.३० उभी. दुसरी ९.१० ते ९.५०. तिसरी ९.३० ते ९.४०. फलाट किती लागतील? उत्तराची घाई नको.

मन जोड्या लावू लागेल: ही तिच्या वेळेत येते का, ती हिच्या? लावू द्या. दोन कालखंडांमधले संबंध तेरा तऱ्हांचे असतात; संगणकशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅलन यांनी १९८३ साली ते मांडून ठेवलेत. ते पाठ करायला नकोत. दोघं वेगळे कधी असतात तेवढं पाहा. हा संपल्यावर तो सुरू होतो, नाहीतर तो संपल्यावर हा. उरलेल्या सगळ्यात ते एकमेकांवर चढलेले.

आता गाड्यांची नावं सोडा. येण्याच्या वेळा एका रांगेत, सुटण्याच्या दुसऱ्या, दोन्ही चढत्या क्रमाने. कोणती सुटण्याची वेळ कोणत्या गाडीची, ते हरवलं. हरवू द्या. या प्रश्नातली मला सर्वांत आवडणारी जागा हीच: फलाट मोजणाऱ्याला गाडीची ओळख लागतच नाही. कुणी आलं, एक वाढवा. कुणी गेलं, एक कमी करा. वाटेत दिसलेला सर्वांत मोठा आकडा हेच उत्तर. (खर्च आहे तो क्रम लावण्याचा, एन गाड्यांसाठी एन लॉग एन, पुढे एकच फेरी.)

चालत ९.३०पाशी या. थांबा.

त्याच मिनिटाला एक येते, एक सुटते. येणं आधी मोजलं तर तीन फलाट, सुटणं आधी मोजलं तर दोन. मीटिंगची खोली असती तर दोन पुरल्या असत्या. एक मंडळी उठली की दुसरी बसते. गाडी मात्र अजून पुरती हललेली नाही. कोडमध्ये फरक एका बरोबरीच्या चिन्हाचा, आणि ते चिन्ह गणितातून काढता येत नाही.

फळ्याकडे वळण्याआधी समोरच्याला हेच विचारा. ‘तुम्हीच ठरवा,’ असं उत्तर आलं तर ठरवा, मोठ्याने सांगा. मग एकही गाडी नसलेला दिवस घेऊन तीच फेरी एकदा चालून पाहा.